ऑक्सिजन वापरणारी एन्झाइम्स : नव्या मुलांना सगळ्यात आधी काय शिकवावं?

पिपेटवाली
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी नवीन मुलं येतात, कुणी बायोटेकमधून, कुणी केमिकल इंजिनिअरिंगमधून, आणि त्यांना ऑक्सिजन अ‍ॅक्टिव्हेट करणाऱ्या एन्झाइम्सवर काम करायचं असतं. म्हणजे पी४५० आणि बेयर-व्हिलिगर मोनोऑक्सिजिनेज (ऑक्सिजनचा एक अणू दुसऱ्या रेणूवर बसवणारी), डायऑक्सिजिनेज (दोन्ही अणू बसवणारी) ही मंडळी. मुलं हुशार असतात, जीन क्लोन करणं, ई. कोलायमधून प्रोटीन काढणं, कॉलमवर शुद्ध करणं, म्युटेशन करणं हे भराभर उचलतात. मग पहिली रिअ‍ॅक्शन लावतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३४० नॅनोमीटरची रेष झरझर खाली येते, म्हणजे एनएडीपीएच (एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) संपतंय, पोरगी धावत येते, "मॅडम, अ‍ॅक्टिव्हिटी आली!" आणि जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) बघावं तर प्रॉडक्टचा पत्ता नाही. सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइमला दिलेला कच्चा माल, जसाच्या तसा.

हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता वाटायला लागलंय की दोष मुलांचा नाही, शिकवण्याच्या क्रमाचा आहे. आपण एन्झाइम शिकवतो, सब्स्ट्रेट शिकवतो, ऑक्सिजन शिकवतच नाही. हवेत आहे, आपोआप येईल, असं धरून चालतो. तो पाण्यात किती विरघळला, किती वेळात संपला आणि गेला कुठे, हे कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रायमर डिझाइन करायच्या आधी मुलांना ऑक्सिजन मोजायला शिकवावं. तुम्ही असता तर पहिले काही महिने काय शिकवलं असतं?

कुतूहल
मी या क्षेत्रातला नाही, आयटीवाला आहे, पण वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: ऑक्सिजन अ‍ॅक्टिव्हेट करायचा म्हणजे काय? तो आधीच अ‍ॅक्टिव्ह नसतो का? गंज चढतो, आग लागते, हे सगळं त्याच्यामुळेच ना?

स्पिनवाला
@कुतूहल, बाळबोध अजिबात नाही, उलट पहिल्या तासाला हाच प्रश्न विचारायला हवा. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात आणि दोघांचा स्पिन एकाच दिशेला असतो. याला ट्रिपलेट म्हणतात. बाकीचे बहुतेक सेंद्रिय रेणू सिंगलेट, म्हणजे त्यांचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने आणि उलट स्पिनचे. या दोघांची थेट अभिक्रिया ऊर्जेच्या हिशेबाने फायद्याची असली तरी स्पिनचा नियम आडवा येतो, त्यामुळे ती फार सावकाश होते. म्हणून लाकूड हवेत वर्षानुवर्षं पडून राहतं, पेटवल्याशिवाय जळत नाही, आणि आपणही हवेत बसून शांतपणे धागे वाचू शकतो :)

एन्झाइम ही अडचण दोन मार्गांनी सोडवतात. एक तर लोखंड किंवा तांब्यासारखा धातू वापरायचा, तो एकेक इलेक्ट्रॉन देतो-घेतो. नाहीतर फ्लेविन वापरायचं. बेयर-व्हिलिगरवाली एन्झाइम्स फ्लेविनवर चालतात, त्यांच्यात धातू लागतच नाही, फ्लेविनवर पेरॉक्साइड तयार होतं आणि तेच कीटोनवर हल्ला करतं. पी४५० मध्ये हीममधलं लोखंड असतं. एनएडीपीएचकडून दोन इलेक्ट्रॉन एकापाठोपाठ एक येतात, ऑक्सिजनचा एक अणू सब्स्ट्रेटमध्ये जातो आणि दुसऱ्याचं पाणी होतं.

कुतूहल
हे कळलं. धन्यवाद! आता पुढचं वाचायला मजा येईल.

चाळणी
पिपेटवाली ताई, आदर ठेवून असहमत. मेकॅनिझम आणि मोजमापात मुलाला अडकवलं की पहिलं वर्ष संपतं आणि हातात काही नसतं. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं नोबेल डायरेक्टेड इव्होल्यूशनला मिळालं, आणि त्यांच्या कामात पी४५० बीएम३ (जिवाणूतला एक पी४५०) किती मोठा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पद्धतीचं बळच हे की सगळं समजलेलं नसलं तरी पुढे जाता येतं. लायब्ररी (एकाच एन्झाइमच्या बदललेल्या रूपांचा संच) करा, स्क्रीन करा (चाळा), चांगला व्हेरियंट उचला, पुन्हा तेच. मूल दोन-तीन फेऱ्यांत स्वतःच्या डोळ्यांनी सुधारणा बघतं आणि त्याला हुरूप येतो. हुरूप टिकला तर मेकॅनिझम ते आपणहून वाचेल.

पिपेटवाली
@चाळणी, हुरुपाचं पटतंय. पण स्क्रीन कशावर करणार? ३४० ची रेष बघून केलीत तर भराभर एनएडीपीएच जाळणारी एन्झाइम्स निवडली जातील, प्रॉडक्ट करणारी नाही. जे चाळणीत धराल तेच हाती लागणार. आणि ही चाळणी बरोबर आहे की नाही हे कळायला ऑक्सिजनचा हिशेब आधी यायला नको का?

स्पिनवाला
+१ पिपेटवाली. जरा खोलात जातो, कारण मुलांना अनकपलिंग (एनएडीपीएच खर्च होऊनही प्रॉडक्ट न होणं) हे नुसतं नाव म्हणून पाठ असतं. पी४५० रिकामा असताना लोखंडाच्या सहाव्या जागी पाणी बसलेलं असतं. योग्य सब्स्ट्रेट आला की पाणी हटतं, लोखंडाचा स्पिन बदलतो, स्पेक्ट्रमचं शिखर साधारण ४१८ वरून ३९० च्या आसपास सरकतं, आणि मग इलेक्ट्रॉन घेणं सोपं होतं. आता आपण जो सब्स्ट्रेट देतो तो एन्झाइमचा नेहमीचा नसतो, आपल्याला हवा असलेला असतो, तो खिशात सैल बसतो. मग पाणी आत शिरतं आणि अर्धवट अ‍ॅक्टिव्हेट झालेला ऑक्सिजन सुपरऑक्साइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन बाहेर पडतो. किंवा अगदी शेवटच्या पायरीवर आणखी दोन इलेक्ट्रॉन खाऊन दोन्ही अणूंचं पाणी होतं. एनएडीपीएच तर संपतं, प्रॉडक्ट शून्य.

आणि गळती कोणत्या वाटेने होतेय हे नुसत्या हिशेबातून कळतं. प्रॉडक्ट होत असो की पेरॉक्साइड, एका ऑक्सिजनला एक एनएडीपीएच लागतं. सगळं पाणी होत असेल तर एका ऑक्सिजनला दोन. म्हणून दोन्ही मोजायला हवेत, एकाने भागत नाही.

पहिलंवर्ष
मी सध्या पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि हे वाचून वाटलं की कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं. आमच्याकडे ऑक्सिजन इलेक्ट्रोड आहे, पण तो कपाटात बंद असतो. "नाजूक आहे, हात लावू नका" असं सांगितलंय. तो वापरून नक्की काय दिसतं ते कुणी सांगेल का?

पिपेटवाली
@पहिलंवर्ष, कपाटातून काढ तो, सरळ गाइडला विचारून :) मी नव्या मुलांना पहिला प्रयोग हाच देते. बंद चेंबरमध्ये बफर, सब्स्ट्रेट आणि शुद्ध केलेलं एन्झाइम घ्यायचं, स्टरर चालू, रेष सपाट होईपर्यंत थांबायचं. मग सिरिंजने एनएडीपीएच सोडायचं. रेष खाली यायला लागते. एनएडीपीएच संपलं की ती पुन्हा सपाट होते. आता त्याच चेंबरमध्ये थोडं कॅटलेज टाकायचं आणि डोळे रेषेवर ठेवायचे. पेरॉक्साइड झालं असेल तर कॅटलेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं आणि रेष टुणकन वर उडी मारते! दोन पेरॉक्साइडमागे एक ऑक्सिजन परत मिळतो, म्हणून जेवढा ऑक्सिजन खर्च झाला त्याच्या बरोबर निम्मा परत आला तर समजायचं की सगळाच्या सगळा पेरॉक्साइडमध्ये गेला. चौथा हिस्सा परत आला तर निम्मा गेला, उरलेला कुठे गेला ते शोधा.

ती उडी एकदा बघितली की कपलिंग वेगळं शिकवावं लागत नाही. मुलं आपणहून विचारतात, "मग बाकीचा कुठे गेला?" मला तेवढंच हवं असतं.

चाळणी
हा प्रयोग छान आहे, मान्य. पण एक इशारा: हे शुद्ध एन्झाइमवरच जमतं. सेल लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) घेतलात तर ई. कोलायचं स्वतःचं कॅटलेज त्यात असतंच, शिवाय एनएडीपीएच खाणारी इतर एन्झाइम्स पण असतात. रिकाम्या व्हेक्टरच्या (आपल्या एन्झाइमचा जीन नसलेल्या) पेशींचा कंट्रोल नसेल तर आकडे बिनकामाचे.

पिपेटवाली
अगदी बरोबर, ते लिहायचं राहिलं. रिकामा व्हेक्टर, सब्स्ट्रेटशिवाय, एन्झाइमशिवाय, हे तिन्ही कंट्रोल हवेतच. आणि इलेक्ट्रोड स्वतः पण थोडा ऑक्सिजन खातो, तो उतार वजा करायचा.

मूकवाचक
वाखुसा (वाचनखूण साठवली).

टाकीवाला
उशिरा आलो. मी फर्मेंटर आणि स्केल-अपवाला आहे, जीन-बिन मला फारसं कळत नाही, पण ऑक्सिजन हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा विषय. धाग्याचं शीर्षक वाचून बरं वाटलं.

मुलांना एक साधं गणित द्या. २५ अंशाला हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात साधारण ०.२५ मिलिमोलर ऑक्सिजन मावतो, म्हणजे लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास. आता समजा तुमचं एन्झाइम तासाला १० मिलिमोलर प्रॉडक्ट करतंय, जे उद्योगाच्या दृष्टीने काही फार नाही. एका प्रॉडक्टला एक ऑक्सिजन. विरघळलेला साठा किती वेळ पुरेल? दीड मिनिट!! त्यानंतर एन्झाइमचा वेग नाही, हवेतून पाण्यात ऑक्सिजन शिरण्याचा वेग तुमची रिअ‍ॅक्शन चालवतो. तुम्ही म्युटेशन करून एन्झाइम दुप्पट वेगवान केलंत तरी प्रॉडक्ट तेवढंच येणार, आणि मूल म्हणणार म्युटेशन फेल गेलं.

ही केएलएची, म्हणजे ऑक्सिजन हवेतून पाण्यात किती वेगाने शिरतो त्या आकड्याची, भानगड आहे. टाकीचा केएलए तासाला २०० धरला तर जास्तीत जास्त २०० गुणिले ०.२५, म्हणजे तासाला ५० मिलिमोलर ऑक्सिजन आत जाईल. जिवंत पेशी वापरत असाल तर त्यातला बराच त्यांच्या श्वसनातच जातो. आणि गळती असेल तर बघायलाच नको, ऑक्सिजन पण गेला आणि एनएडीपीएच पण. मी अशी मुलं बघितली आहेत जी झाकण घट्ट लावलेल्या छोट्या कुपीत, गळ्यापर्यंत द्रव भरून, रात्रभर मोनोऑक्सिजिनेजची रिअ‍ॅक्शन ठेवतात. कुपीत हवाच नाही तर होणार काय? फ्लास्क भरा पाचवा-दहावा हिस्सा आणि शेकरचा वेग नोंदवून ठेवा. तोच प्रयोग दुसऱ्या फ्लास्कमध्ये केला की आकडे का बदलतात ते मग आपोआप कळतं.

पहिलंवर्ष
बापरे. दीड मिनिट.

चाळणी
@टाकीवाला, ९६ वेलच्या प्लेटमध्ये पण हेच होतं. खोल वेल, वर सील, शेक नीट नाही, की सगळे चांगले व्हेरियंट एकाच पातळीला येऊन थांबतात. ते सगळे सारखेच आहेत असं वाटतं. हा मुद्दा मला पटला, ताईंच्या बाजूने अर्धं पाऊल.

निळू
अवांतर: मुलांना गोडी लावायची असेल तर इंडिगो द्या! १९८३ साली नॅप्थलीन डायऑक्सिजिनेजचे जीन ई. कोलायमध्ये घातले तेव्हा कॉलनी निळ्या झाल्या, कारण पेशीतल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोल होतं, डायऑक्सिजिनेज त्याच्यावर ऑक्सिजन चढवतं, पुढचं आपोआप होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने निळा इंडिगो बनतो. बीएम३ चे काही म्युटंट पण निळे होतात. प्लेट उघडली आणि निळ्या टिकल्या दिसल्या की जो आनंद होतो ना! माझा आयडी तिथूनच आलाय :D

स्पिनवाला
निळू, तू असला धागा दिसला की इंडिगो घेऊन येणार हे ठरलेलंच :D पण उपयोगी आहे. कॉलनीच्या कडा जास्त निळ्या आणि मध्यभाग फिका दिसला तर मुलांना का विचारायचं. चर्चा पुन्हा ऑक्सिजन कुठवर पोचतो यावरच येते.

शॉर्टकट
एवढी डोकेदुखी कशाला? पेरॉक्सिजिनेज वापरा की. २००४ मध्ये अ‍ॅग्रोसायबी नावाच्या बुरशीतून मिळालेलं एन्झाइम, थेट हायड्रोजन पेरॉक्साइड घेतं, ना एनएडीपीएच, ना रिडक्टेज (एनएडीपीएचचे इलेक्ट्रॉन पी४५० पर्यंत पोचवणारं प्रोटीन), ना ऑक्सिजन विरघळवायची कटकट. नव्या मुलांनी इथूनच सुरुवात करावी.

टाकीवाला
पेरॉक्साइड एकदम ओतलं तर हीम जळतं. हळूहळू द्यावं लागतं.

शॉर्टकट
म्हणून तर जागच्या जागी तयार करतात, ग्लुकोज ऑक्सिडेज घालून.

पिपेटवाली
आणि ग्लुकोज ऑक्सिडेजला काय लागतं? :)

शॉर्टकट
...ऑक्सिजन. बरं, बसतो मी गप्प.

स्पिनवाला
गप्प बसू नका, मुद्दा चांगला आहे. एनएडीपीएचची गळती तिथे नसते, आणि सिलेक्टिव्हिटी कशी मिळते ते शिकायला पेरॉक्सिजिनेज उत्तमच.

जुनीवही
मी निवृत्त आहे, आयुष्य याच विषयात गेलं. एक गोष्ट सुचवते, मुलांना या शोधांचा इतिहास सांगा, कारण तो मोजमापाचाच इतिहास आहे. १९५५ पर्यंत बहुतेकांची समजूत होती की जैविक ऑक्सिडेशनमध्ये ऑक्सिजन नुसता इलेक्ट्रॉन घेतो आणि प्रॉडक्टमधला ऑक्सिजन पाण्यातून येतो. ओसामू हायाइशी आणि हॉवर्ड मेसन या दोघांनी स्वतंत्रपणे जड ऑक्सिजन, म्हणजे १८ वस्तुमानाचा समस्थानिक, वापरून दाखवलं की हवेतल्या रेणूतला अणूच प्रॉडक्टमध्ये जातो. म्हणजे "ऑक्सिजन गेला कुठे" या प्रश्नातूनच ऑक्सिजिनेज हा वर्ग जन्माला आला! पिपेटवाली नवीन काही सांगत नाहीये, मूळ प्रश्न परत विचारतेय, आणि ते मला फार आवडलं.

उपयोग त्याच्याही आधीपासून होतोय बरं का. १९५२ मध्ये ऱ्हायझोपस बुरशीने प्रोजेस्टेरॉनच्या ११ व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसवला, आणि कॉर्टिसोनच्या लांबलचक रासायनिक वाटेत जी पायरी सगळ्यात अवघड होती तीच सोपी झाली. एन्झाइम वेगळं काढून कुणी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा @चाळणी, सगळं समजण्याआधी वापरता येतं हे तुमचंही खरं आहे.

चाळणी
मनापासून धन्यवाद, जुनीवही काकू. इतकं संतुलित कुणीच बोललं नव्हतं.

पिपेटवाली
काकू, तुम्ही आलात, धाग्याचं सोनं झालं.

यीस्टप्रेमी
कपलिंग हा फक्त टेस्टट्यूबमधला विषय नाही हे पण मुलांना सांगा. आर्टेमिसिनिक आम्ल (मलेरियाच्या औषधाचा कच्चा माल) यीस्टमध्ये बनवायचं काम २००६ ला प्रसिद्ध झालं, त्यात सीवायपी७१एव्ही१ हा पी४५० आहे. २०१३ पर्यंत ते लिटरला २५ ग्रॅमवर गेलं. वाटेत त्यांनी जे केलं त्यातला एक भाग म्हणजे रिडक्टेज कमी केलं आणि सायटोक्रोम बी५ (इलेक्ट्रॉन पोचवणारं दुसरं प्रोटीन) घातलं, कारण पी४५० च्या मानाने रिडक्टेज फार झालं तर इलेक्ट्रॉन भलतीकडे जाऊन पेशीला जड जातं. नवीन मुलाला विचारा, तो म्हणेल सगळंच जास्त एक्स्प्रेस करू. इथे कमी केल्याने फायदा झाला.

सावधान
सेफ्टीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. पी४५० मोजायला कार्बन मोनॉक्साइड लागतो. क्युव्हेटमध्ये डायथायोनाइटची (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) चिमूट, मग सीओचे बुडबुडे हळूहळू, भसाभस नाही, नाहीतर प्रोटीनचा फेस होतो. ४५० ला शिखर दिसतं, नावच त्यावरून पडलंय. ४२० ला दिसलं तर एन्झाइम बिघडलंय. हे सगळं फ्यूम हूडमध्येच आणि सीओ अलार्म चालू ठेवूनच, कारण या वायूला वास नाही. एका ठिकाणी अलार्मची बॅटरी संपलेली आणि विचारलं तर "कधीच वाजत नाही तसाही" असं उत्तर मिळालं. अशा लॅबमध्ये शिकाऊ मुलाला पाठवू नका.

दुसरं, केएलए वाढत नाही म्हणून शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि सब्स्ट्रेट विरघळावा म्हणून सॉल्व्हंट पण घालतात. वरच्या मोकळ्या जागेत सॉल्व्हंटची वाफ आणि ऑक्सिजन एकत्र म्हणजे स्फोटाची तयारी. टाकीवाला, तुम्ही सांगा.

टाकीवाला
१०० टक्के. मोकळ्या जागेत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन मर्यादेखाली ठेवतात, किंवा मेम्ब्रेनमधून बुडबुड्यांशिवाय देतात. बुडबुडे कमी तर एन्झाइमलाही बरं, बरीच प्रोटीन्स हवा-पाण्याच्या सीमेवर उलगडून खराब होतात. हे पुस्तक वाचून कळत नाही, मुलांना काही महिने प्लँटवर पाठवा.

दूरदेशी
तेच लिहायला आलो. युरोपातल्या मेरी स्क्वोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये हे रचनेतच असतं, विद्यार्थी एका ठिकाणी पीएचडी करतो आणि मधे दुसऱ्या लॅबमध्ये किंवा कंपनीत जाऊन काम करतो. कुणी स्ट्रक्चर करतं, कुणी म्युटेशन, कुणी रिअ‍ॅक्टर, आणि सगळी मुलं ठरावीक काळाने भेटतात. फक्त अर्ज करताना एक नियम बघा, ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही.

पण एक खंत आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला कंपनीत पाठवलं आणि तिथे तिला फक्त नमुने भरायला बसवलं, रिअ‍ॅक्टरजवळ फिरकूही दिलं नाही, गुप्ततेचं कारण देऊन. जाण्याआधी लेखी ठरवून घ्या की मूल स्वतःच्या हाताने काय चालवणार.

पहिलंवर्ष
सगळ्यांचे आभार. एक सांगू? आम्हाला सगळं शिकवता, पण "प्रॉडक्ट आलं नाही" हे मीटिंगमध्ये कसं मांडायचं हे कुणी शिकवत नाही. इथे पहिल्यांदा कळलं की प्रॉडक्ट आलं नाही तरी ऑक्सिजन आणि एनएडीपीएचचा हिशेब लागला तर तो पण निकाल आहे.

जुनीवही
बाळ, तो निकालच आहे. तसाच मांड, आकड्यांसकट.

पिपेटवाली
मूळ प्रश्नावर येते. सगळं वाचून माझं मत थोडं बदललंय. मी आधी ऑक्सिजन मोजणं, नंतर बाकी असं म्हणत होते. आता वाटतं की चाळणी म्हणतात तशी छोटी लायब्ररी पहिल्यापासून समांतर द्यावी, पण अट एकच, की कुठलाही व्हेरियंट "चांगला" म्हणायच्या आधी त्याचं प्रॉडक्ट, एनएडीपीएच, ऑक्सिजन आणि पेरॉक्साइड हे चारही आकडे एका ओळीत लिहायचे. आणि टाकीवाल्यांचं दीड मिनिटाचं गणित पहिल्याच दिवशी मुलांकडूनच करवून घ्यायचं.

चाळणी
चारही आकडे प्रत्येकाचे शक्य नाहीत, शेकडो व्हेरियंट असतात. शेवटच्या दहा-बाराचे करा. तेवढ्यावर तह :)

पिपेटवाली
मंजूर, पण मूळ एन्झाइमचे सगळ्यात आधी.

पहिलंवर्ष
गाइडनी इलेक्ट्रोड काढायला परवानगी दिली!! कॅलिब्रेट कसा करू?

टाकीवाला
वरचा बिंदू हवेशी समतोलात आणलेल्या तुझ्याच बफरचा घे, साध्या पाण्याचा नको, मीठ जास्त असेल तर ऑक्सिजन कमी विरघळतो. आणि तापमान रिअ‍ॅक्शनचंच ठेव, थंड पाण्यात तो जास्त मावतो. शून्यासाठी चिमूटभर डायथायोनाइट.

पिपेटवाली
आणि डायथायोनाइटनंतर चेंबर भरपूर पाण्याने धू, नाहीतर उरलेलं पुढच्या रनमधला ऑक्सिजन खाईल आणि तू एन्झाइमला श्रेय देशील. मेम्ब्रेनखाली बुडबुडा राहिलाय का ते पण बघ. पहिली रेष आली की इथे टाक, कशीही असली तरी.